शिसे हटवायचे, पण आकड्यांना भुलून नव्हे

युरोपीय संघाने 1 जुलै 2006 पासून विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांवर एक नियम लागू केला. उपकरणातल्या कोणत्याही एकजिनसी पदार्थात वजनाच्या 0.1 टक्क्याहून जास्त शिसे असता कामा नये, असा तो नियम. सर्किट बोर्डावरच्या सोल्डरमधले शिसे त्यामुळे बहुतांशी गेले. पण त्याच उपकरणांच्या पोटात बसणाऱ्या लेड झिर्कोनेट टायटनेट, म्हणजे पीझेडटी नावाच्या सिरॅमिकमध्ये वजनाने 60 टक्क्यांहून जास्त शिसे असते आणि ते आजही राजरोस वापरले जाते, कारण नियमातच त्याला सूट आहे. ही सूट मर्यादित काळासाठी असते, मुदत संपत आली की उद्योग 'पर्याय नाही' असा अर्ज करतो आणि सूट पुढे सरकते. भारताच्या ई-कचरा नियमांनीही तीच 0.1 टक्क्याची मर्यादा आणि तशीच सूट घेतली आहे. दुसरीकडे संशोधनपत्रिका उघडल्या, तर शिसेविरहित सिरॅमिकने पीझेडटीला मागे टाकल्याची बातमी वीस वर्षे सतत येते आहे. पर्याय नाही म्हणणारा उद्योग आणि पर्याय सापडला म्हणणारी प्रयोगशाळा, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. गफलत होते ती दोघांनीही एकाच आकड्यावर बोट ठेवल्यामुळे. वीज लावल्यावर पदार्थ किती ताणला जातो, एवढेच विचारून भागत नाही. तो ताणला जातो कशामुळे, हे विचारले तरच कुठे शिसे आज काढता येईल आणि कुठे अजून थांबावे लागेल, ते कळते. धोरणही त्याच प्रश्नावर उभे राहायला हवे.

काही स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठांवर विद्युतभार जमा होतो, हा दाबविद्युत परिणाम प्येर आणि झाक क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवला. याच्या उलटही घडायला हवे, म्हणजे वीज लावली की स्फटिकाने आकार बदलायला हवा, हे गाब्रिएल लिपमान यांनी 1881 मध्ये गणिताने मांडले आणि क्युरी बंधूंनी ते लगेच पडताळून पाहिले. अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे वीज लावली की हालचाल देणारा भाग, या उलट्या वाटेवर चालतो. इंकजेट प्रिंटरच्या काही प्रकारांत शाईचा थेंब ढकलणारा, डिझेल इंजिनातल्या पिझो इंजेक्टरची झडप उघडणारा, सूक्ष्मदर्शकाखालचा नमुना अणूच्या मापाने सरकवणारा भाग म्हणजे बहुतेकदा अशा सिरॅमिकचा तुकडा असतो. मूळ लांबीच्या तुलनेत लांबी किती बदलली, या प्रमाणाला विकृती म्हणतात. चांगल्या पीझेडटीत ती 0.1 ते 0.2 टक्के असते. म्हणजे 1 मिलिमीटर जाडीमागे जेमतेम 1 ते 2 मायक्रॉन. तेवढ्याने झडप हलत नाही, म्हणून पातळ थर एकावर एक रचतात आणि प्रत्येक दोन थरांमध्ये धातूचा इलेक्ट्रोड घालतात. 30 मिलिमीटर उंचीची अशी रास 0.15 टक्के ताणली, तर 45 मायक्रॉन हालचाल मिळते. थर पातळ ठेवण्याचा दुसरा फायदा व्होल्टेजचा. मिलिमीटरमागे 2,000 व्होल्टचे क्षेत्र लागत असेल, तर 50 मायक्रॉनच्या थराला 100 व्होल्ट पुरतात. हालचाल छोटी असली तरी जोर मोठा आणि वेग अफाट, हीच या सिरॅमिकची खरी किंमत.

विकृती येते कुठून, हे समजायला बेरियम टायटनेट पाहणे सोपे. त्यात शिसे अजिबात नाही आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिका, रशिया आणि जपान या तिन्ही देशांत ते स्वतंत्रपणे हाती लागले होते. सुमारे 120 अंश सेल्सिअसच्या वर त्याच्या स्फटिकाची प्रत्येक पेटी घनाकृती असते. त्याखाली मधला टायटॅनियमचा अणू केंद्रापासून किंचित सरकतो आणि पेटी एका दिशेने साधारण 1 टक्का लांबट होते. एका दिशेने झुकलेल्या पेट्यांच्या समूहाला डोमेन म्हणतात. वीज लावली की दोन गोष्टी घडतात. प्रत्येक पेटी थोडी आणखी ताणली जाते, आणि आडवे पडलेले काही डोमेन क्षेत्राच्या दिशेने 90 अंशांत वळतात. उलट्या दिशेचा डोमेन 180 अंशांत वळला, तर लांबी बदलत नाही. विकृती देतो तो काटकोनात वळणारा. पण इथेच पेच आहे. एकदा वळलेला डोमेन वीज बंद केल्यावर जागच्या जागी परतला नाही, तर पहिल्या वेळी भरपूर विकृती दिसते आणि पुढच्या प्रत्येक वेळी तुटपुंजी. अ‍ॅक्च्युएटरला उपयोगी पडते ती परत येणारी विकृती. संशोधनपत्रातला पहिल्या फेरीचा आकडा आणि यंत्रातला दहा कोटीव्या फेरीचा आकडा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पीझेडटीने हा पेच फार सुरेख सोडवला. 1954 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये बर्नार्ड जाफे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मिश्रणाचे दाबविद्युत गुण दाखवले. झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांचे प्रमाण साधारण 52 ला 48 ठेवले की दोन वेगळ्या आकारांचे स्फटिक जवळपास सारख्याच ऊर्जेत राहू शकतात. मग ध्रुवीकरणाची, म्हणजे पेट्यांच्या झुकण्याची, दिशा थोड्या विजेनेही वळते आणि वीज काढली की बरीचशी परततेही. मुख्य म्हणजे ही सीमारेषा तापमानाने फारशी हलत नाही. थंडीतल्या इंजिनात आणि तापलेल्या इंजिनात तोच तुकडा जवळपास तेच काम करतो. शिशाच्या अणूच्या बाहेरच्या कवचातली इलेक्ट्रॉनची जोडी ऑक्सिजनशी विशेष प्रकारे बांधली जाते आणि संपूर्ण जाळीला कल देते, हे त्याचे एक कारण. त्यानंतरच्या सात दशकांत भेसळीचे प्रमाण, इलेक्ट्रोडचा धातू, चिकटवणारा गोंद, वीज पुरवणारे सर्किट, सगळे काही पीझेडटीच्या मापाने बेतले गेले. पुण्यात पाषाणच्या सुतारवाडीत संरक्षण संशोधन संस्थेच्या एआरडीई या प्रयोगशाळेचे पीझेडटी केंद्र आहे. या एका पदार्थाभोवती किती कौशल्य गोळा झाले आहे, ते त्याच्या नावावरूनच कळावे. म्हणून नवी पूड आणून जुन्या साच्यात ओतली की झाले, असे होत नाही.

शिसेविरहित पदार्थांत पहिले मोठे नाव पोटॅशियम सोडियम नायोबेटचे, म्हणजे केएनएनचे. 1959 मध्ये त्याचा अभ्यास झाला होता, पण ते मागे पडले. 2004 मध्ये टोयोटाची मध्यवर्ती प्रयोगशाळा आणि डेन्सो यांच्या गटाने 'नेचर' या नियतकालिकात दाखवले, की त्यात लिथियम, टँटलम आणि अँटिमनी घालून, शिवाय सगळे कण एका दिशेत रांगेने लावून घेतले, तर ते पीझेडटीच्या तोडीस तोड उतरते. त्या निबंधाने या क्षेत्रात अक्षरशः लाट आणली. पण पुढच्या अभ्यासातून एक गोष्ट स्पष्ट झाली. केएनएनमध्ये दोन आकार शेजारी येतात ते तापमानामुळे. ज्या तापमानाला स्फटिक आपला आकार बदलतो, तेच मिश्रण बदलून खोलीच्या तापमानाजवळ आणले जाते. त्यामुळे 25 अंशांना उत्तम दिसणारी विकृती 80 अंशांना कितीतरी खाली येऊ शकते. बेरियम टायटनेटमध्ये कॅल्शियम आणि झिर्कोनियम घालून 2009 मध्ये चीन आणि जपानमधल्या संशोधकांनी पीझेडटीपेक्षाही सरस दाबविद्युत गुणांक मिळवला. पण तो पदार्थ 93 अंशांच्या आसपास आपला गुणच गमावतो. प्रयोगशाळेच्या टेबलावर हे दोन्ही पदार्थ विजेते आहेत. गाडीच्या बॉनेटखाली मात्र त्यांचा निभाव लागणार नाही.

दुसरी वाट अधिक विलक्षण आहे. बिस्मथ सोडियम टायटनेट हा पदार्थ सोव्हिएत संशोधक स्मोलेन्स्की आणि सहकाऱ्यांनी 1960 च्या सुमारास शोधला. बिस्मथला शिशासारखीच ती इलेक्ट्रॉनची जोडी असते. त्यात बेरियम टायटनेट आणि थोडे केएनएन मिसळून 2007 मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट इथल्या गटाने 0.45 टक्के विकृती नोंदवली, म्हणजे नेहमीच्या पीझेडटीच्या दुपटीहून जास्त. ही विकृती मुळात डोमेन वळल्याने येत नाही. अशा मिश्रणात वीज नसताना मोठे डोमेनच नसतात. नॅनोमीटर मापाची ध्रुवीय बेटे विखुरलेली असतात आणि सरासरीने पदार्थ जवळपास घनाकृती दिसतो. पुरेशी वीज लावली की ती बेटे एकवटतात, पदार्थ फेरोइलेक्ट्रिक, म्हणजे मोठ्या डोमेनचा, होतो आणि लांबतो. वीज काढली की पुन्हा विखुरतो आणि मूळ लांबीवर येतो. आधीच्या फेरीची काही आठवण शिल्लक राहत नाही, म्हणून जवळजवळ सगळी विकृती दर फेरीला हाती येते. डोमेन परतत नाहीत हा पेच अशा तऱ्हेने टळतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. 2007 च्या त्या आकड्यासाठी मिलिमीटरमागे 8,000 व्होल्ट लागले होते, म्हणजे 50 मायक्रॉनच्या थरालाही 400 व्होल्ट. शिवाय जाताना आणि येताना लांबीचा मार्ग वेगळा असतो. त्या फरकातून प्रत्येक फेरीला उष्णता निर्माण होते आणि तुकडा नेमका कुठे थांबेल, याचा अंदाज चुकतो. सेकंदाला एकदाच हलणाऱ्या झडपेला हे चालेल. सेकंदाला हजारो वेळा हलणाऱ्या भागाला चालणार नाही. म्हणजे 0.45 हा आकडा खराच आहे, तो कोणत्या कामाचा हे मात्र त्याच्यामागची यंत्रणाच सांगते.

आकड्यांच्या शर्यतीचे सर्वांत बोलके उदाहरण गेल्या काही वर्षांतले. 2022 च्या सुमारास शिसेविरहित सिरॅमिकमध्ये 1 टक्का आणि त्याहून जास्त विकृतीचे दावे नामांकित नियतकालिकांत येऊ लागले. ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांभोवती तयार होणारे दोष डोमेनना मागे खेचतात, असे स्पष्टीकरण दिले गेले. मग बेंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राजीव रंजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी पण नेमकी गोष्ट तपासली: त्याच मिश्रणाच्या चकत्यांची जाडी बदलली तर काय होते? अर्ध्या मिलिमीटरहून पातळ चकत्यांत विकृतीचा आकडा झपाट्याने चढला. जाड चकत्यांत तो नेहमीच्या पातळीवर उतरला. शिशाच्या सिरॅमिकच्या पातळ चकत्यांतही असाच फुगवटा आढळला. चकतीच्या दोन्ही पृष्ठांवरचे डोमेन सारख्या प्रमाणात वळत नाहीत, त्यामुळे उन्हात घातलेला पापड जसा वाळताना वाकतो तशी चकती वाकते, आणि मध्यावर टेकवलेली मोजणीची सुई त्या उचलण्यालाच जाडीतली वाढ समजते. वाकण्यालाही उपयोग आहे. वाकणारे अ‍ॅक्च्युएटर बाजारात मिळतात. पण वाकण्यातून हालचाल मोठी मिळते आणि जोर कमी. थरांची रास जखडून बांधली की वाकायला जागाच उरत नाही आणि तो 1 टक्का हवेत विरतो. या प्रकरणात कोणी खोटे बोलले, असे म्हणण्याचे कारण नाही. विक्रमी आकड्यालाच बक्षीस मिळत असेल, तर चकती किती जाड होती हे विचारायला कोणी थांबत नाही, एवढाच त्यातला धडा. ती जाडी तपासणारा गट भारतातला आहे, ही गोष्ट इथल्या धोरणकर्त्यांनी लक्षात घ्यायला हरकत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की एवढा खटाटोप कशासाठी? जगातले बहुतांश शिसे बॅटऱ्यांत जाते. सिरॅमिकमधला वाटा त्यापुढे किरकोळ. हे खरे आहे. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालाने जगातल्या सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात चिंताजनक पातळीचे शिसे असल्याचा अंदाज मांडला, त्यांतली 27 कोटींहून अधिक भारतातली. त्याचा मोठा दोष बॅटऱ्या उघड्यावर वितळवणाऱ्या भट्ट्यांकडे जातो, प्रिंटरच्या मुद्रणशीर्षाकडे नाही. बॅटऱ्यांचा प्रश्न आधी सोडवायला हवा, यात शंका नाही. पण दोन्हींत एक फरक आहे. बॅटरी जड असते, भंगारवाला ती विकत घेतो आणि शिसे निदान कुठे आहे ते कळते. नखाएवढा सिरॅमिकचा तुकडा कोणी वेगळा काढत नाही. तो उपकरणाबरोबर चुरडला जातो, जाळला जातो किंवा कचरा-डेपोत पुरला जातो. शिवाय पीझेडटी भट्टीत 1,200 अंशांच्या आसपास भाजताना शिशाच्या ऑक्साइडची वाफ होते, आणि तिच्याजवळ उभा असतो तो कामगार. भारताने 2000 साली पेट्रोलमधले शिसे काढले, तेव्हाही पर्यायांवर खर्च झालाच. वाटा लहान असणे हे काम नंतर करण्याचे कारण होऊ शकते, कधीच न करण्याचे नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: शिसेविरहित म्हणजे आपोआप पर्यावरणस्नेही नव्हे. केएनएनला नायोबियम लागते आणि जगातले बहुतेक नायोबियम ब्राझीलमधून येते. ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2016 मध्ये खाणीपासून भट्टीपर्यंतचा हिशोब मांडला, तेव्हा नायोबियमच्या उत्खननामुळे आणि शुद्धीकरणामुळे केएनएनचा पर्यावरणावरचा एकूण भार पीझेडटीपेक्षा जास्त निघाला. बिस्मथचे तर त्याहून गमतीशीर: ते बऱ्याचदा शिशाच्या शुद्धीकरणातच उपपदार्थ म्हणून हाती येते. म्हणजे शिसे टाळण्यासाठी घेतलेल्या पदार्थाची मुळे शिशाच्याच कारखान्यात सापडतात. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण या हिशोबातून 'मग पीझेडटीच बरे' असा निष्कर्ष निघत नाही. खाणीजवळचा भार आणि मुलाच्या रक्तातले शिसे ही एकाच तराजूत तोलण्याची गोष्ट नाही. पहिल्यावर चांगल्या खाणकामाने आणि पुनर्वापराने उपाय करता येतो, दुसऱ्याने झालेली हानी भरून येत नाही. निष्कर्ष निघतो तो असा, की पर्यायाच्या नावावर शिक्का मारण्याआधी त्याचाही पूर्ण हिशोब मागायला हवा, आणि जिथे पदार्थ कमी लागतो किंवा परत मिळवता येतो, तिथे सुरुवात करायला हवी.

तिसरा आक्षेप उद्योगाचा: पीझेडटीची सगळी कामे करणारा एकही पर्याय नाही. हे वाक्य शब्दशः खरे आहे आणि तरीही फसवे आहे, कारण सगळी कामे एकाच पदार्थाने करावीत अशी अट कोणी घातलेली नाही. यंत्रणेकडे पाहिले की कामे आपोआप वेगळी होतात. अल्ट्रासॉनिक सफाईच्या टाकीत सिरॅमिक एकाच वारंवारतेवर जोरात कंप पावते. तिथे मोठी विकृती नको असते, कंपन वाढले तरी कमी तापणारा पदार्थ हवा असतो, आणि बिस्मथ सोडियम टायटनेटचे काही प्रकार जोरदार कंपनात पीझेडटीपेक्षा कमी तापतात. वैद्यकीय अल्ट्रासाउंडच्या प्रोबमध्ये केएनएनचा हलकेपणा कामी येतो. त्याची घनता पीझेडटीच्या सुमारे 60 टक्केच असल्याने ध्वनी शरीरात उतरताना कमी परावर्तित होतो. सावकाश हलणाऱ्या, मोठी हालचाल मागणाऱ्या झडपांसाठी बिस्मथवाले मिश्रण थर पातळ करून वापरता येईल. जर्मनीतल्या पीआय सिरॅमिकसारख्या कंपन्यांच्या यादीत शिसेविरहित सिरॅमिक आले आहे, म्हणजे ही निव्वळ प्रयोगशाळेची गोष्ट राहिलेली नाही. उलट डिझेल इंजेक्टर, जिथे 150 अंशांजवळच्या तापमानात कोट्यवधी फेऱ्या बिनचूक व्हाव्या लागतात, किंवा पाणबुडीचे सोनार, तिथे आज पीझेडटीला पर्याय नाही हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

म्हणून सूट द्यायची की काढायची, हा प्रश्नच चुकीचा आहे. सरसकट सूट ठेवली तर तयार पर्यायही कपाटात पडून राहतात, कारण स्वस्त आणि सरावाचे पीझेडटी कायदेशीर असताना कोणता उत्पादक नवी भट्टी लावेल? सरसकट बंदी घातली तर ज्या कामांना पर्याय नाही, तिथे उत्पादन देशाबाहेर जाईल आणि शिसे मात्र तयार मालातून परत येईल. भारताने आपल्या ई-कचरा नियमांतली सूट कामागणिक तोडावी. सफाईच्या टाक्या, बझर, आर्द्रतायंत्रे यांच्यासारख्या कमी तापमानाच्या, ठोकळ अचूकतेच्या कामांना जवळची मुदत द्यावी. अल्ट्रासाउंड प्रोबला त्यानंतरची. इंजेक्टर आणि संरक्षणविषयक साधनांना लांबची, आणि दर वेळी पुरावा मागून. सरकारी पैशातून होणाऱ्या संशोधनाला एक साधी अट घालावी: विकृतीचा आकडा छापताना नमुन्याची जाडी, लावलेले क्षेत्र, तापमानाची मर्यादा, वारंवारता, किती फेऱ्यांनंतर किती विकृती उरली आणि त्या दरम्यान किती उष्णता निघाली, हे सोबत असावे. त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही, फक्त उत्तर द्यायची तयारी लागते. पीझेडटी जिंकले ते एखाद्या विक्रमी आकड्यामुळे नाही. बेरियम टायटनेट त्याच्या आधीपासून होते, पण थंडी-उन्हात आणि कोटी फेऱ्यांनंतरही भरवशाने वागणारा पदार्थ पीझेडटी ठरला. त्याला बाजूला सारायचे असेल, तर त्याच कसोटीवर एकेका कामात त्याला हरवावे लागेल. आणि जिथे ते आधीच हरले आहे, तिथे सूट चालू ठेवण्याचे समर्थन आता कोणालाही करता येऊ नये.